चार अंड्यांचा अंदाज

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या गच्चीवर टिटवीने चार अंडी घातली आणि घराचा कारभार तिच्या हाती गेला.

त्याच आठवड्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग व्हायचं होतं. कारागीर ठरला होता, सिमेंटच्या गोण्या जिन्यात येऊन पडल्या होत्या, निम्मे पैसे मी आगाऊ देऊन बसलो होतो. कारागिराने गच्चीच्या दारातून डोकं बाहेर काढलं मात्र, टिटवी त्याच्या टाळूला वारा घालत गेली. घमेलं तिथेच टाकून तो खाली आला आणि म्हणाला, "साहेब, आधी त्यांचं उरकू द्या." चिरंजीवांनी मोबाइलमध्ये बघून सांगितलं, अंडी उबायला साधारण चार आठवडे. म्हणजे थेट मृगाच्या तोंडावर.

मी हेल्मेट घालून अंडी अलगद शेजारच्या गच्चीवर हलवण्याची तयारी दाखवली. तेवढ्यात माय आडवी आली. "टिटवीना अंडास्ले हात लावशी ते देख!"

माय अमळनेरकडची. सुरतेला येऊन तिला चाळीस वर्षं झाली, पण पाऊस ती अजून अमळनेरचाच पाडते. तिच्या हिशेबाने टिटवीने सखल जागी अंडी घातली तर पाऊस बेताचा, बांधावर घातली तर बरा, उंचावर घातली तर गंज, म्हणजे रग्गड. आणि ही तर दुमजली घराच्या गच्चीवर! शिवाय अंडी चार, म्हणजे चारही महिने पाऊस. शेजारच्या मासी मूळच्या भावनगरकडच्या. त्या खात्री करायला जिन्यातून डोकावून आल्या. अंड्यांची निमुळती टोकं आत-खाली वळलेली होती. "बहु सारु," म्हणाल्या. टोकं खाली म्हणजे जोर चांगला. एरवी वरणात गूळ घालावा की नाही यावरून दोघींचं वीस वर्षांत जमलेलं नाही, पण टिटवीवर दोन्ही राज्यांचं एकमत झालं.

आता इथे टिटवीची एक चहाडी करणं भाग आहे. टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते. त्यांची टोकंही ती आत वळवूनच ठेवते, कारण तशी ठेवली तरच चारही पोटाखाली मावतात. आणि आपला पावसाळाही चारच महिन्यांचा. इतका बिनधोक अंदाज आजवर कुठल्या वेधशाळेला जमलेला नाही.

राहिला प्रश्न उंचीचा. आम्ही डिंडोलीत राहायला आलो तेव्हा घरामागे ज्वारीचं शेत होतं आणि टिटव्या तिथल्या ढेकळांत अंडी घालायच्या. मग तिथे रो-हाउसेस आली, मग अपार्टमेंट आली, मग अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आले. टिटवीला लागतं सपाट, उघडं आणि खडेगोटे असलेलं रान. ते आता फक्त आमच्या गच्चीवर उरलंय. म्हणजे यापुढे सुरतेत टिटवी दरवर्षी उंचावरच अंडी घालणार आणि दरवर्षी अतिवृष्टीचा इशारा निघणार. तिच्या अंड्यांवरून मला विचाराल तर पावसाचा नाही, जमिनीच्या भावाचा अंदाज बांधता येतो.

शहराने मायची बाकीची उपकरणंही अशीच एकेक करून जप्त केली. मुंग्या अंडी तोंडात धरून भिंतीवर चढू लागल्या की पाऊस आला समजावं, तर आमच्या भिंतीखाली मायच्या सूनबाईंनी खडूची विषारी रेघ ओढून ठेवलीय. चिमण्या धुळीत अंघोळ करू लागल्या की पाऊस. त्यांना धूळ मिळायला हवी ना! कावळ्याने घरटं काटेरी झाडावर बांधलं तर साल कोरडं, आंब्यावर बांधलं तर ओलं. आमच्या कावळ्याने ते मोबाइलच्या टॉवरवर, तारेचे तुकडे वापरून बांधलंय. याचा अर्थ काय घ्यायचा, हे भाडळीने सांगून ठेवलेलं नाही.

पाऊसपाण्याची वाक्यं सांगून गेलेली ही भाडळी मोठी गमतीची बाई. गुजरातेत ती भडली, आपल्याकडे सहदेव-भाडळी, उत्तरेत घाघाबरोबर भड्डरी. कुठल्या गावची, कुणाची लेक, यावर प्रत्येक प्रांताची वेगळी कथा. मासींना भडलीची वाक्यं पाठ आहेत. होळीच्या रात्री त्या ज्वाळेकडे भक्तिभावाने बघतात: ज्वाळ कुठल्या दिशेला झुकली त्यावरून साल कसं जाणार ते कळतं. पण आमची होळी पेटते दोन दहा मजली इमारतींच्या मधल्या बोळात. तिथे वारा एका बाजूने शिरतो, गिरकी घेतो आणि आला तसा परत जातो. गेल्या होळीला ज्वाळेने चारही दिशा दाखवल्या आणि शेवटी मंडपाच्या कापडाकडे झुकली. मासी म्हणाल्या, "आ वर्षे मिश्र फळ छे."

कुणाला वाटेल, असे ठोकताळे आता आजीबाईंबरोबर संपणार. अजिबात नाही. मोबाइल आला आणि त्यांना नेट पॅक मिळालं. जुनागढच्या कृषी विद्यापीठात तर देशी आगाहीकारांचा परिसंवाद भरत आलाय. आगाहीकार म्हणजे आपल्याकडचा भाकीत सांगणारा. कुणी वारा बघून, कुणी वनस्पतींचा मोहोर बघून, कुणी ग्रह बघून आपापला अंदाज तिथे मांडतो. आणि आमच्या खानदेशाच्या शेजारी, बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळची घटमांडणी आहेच. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सूर्यास्ताच्या सुमारास शेतात धान्यांचं रिंगण मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, वर पापड, कुरडई, करंजी. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. पहाटे वाघ घराण्यातली मंडळी येऊन काय हललं, काय भिजलं ते बघतात आणि पाऊस, पिकं, देशाची तिजोरी, राजाची गादी, सगळ्याचं भाकीत सांगतात. विवेकवादी मंडळी दरवर्षी विरोध करतात आणि वृत्तवाहिन्या दरवर्षी कॅमेरे घेऊन जातात. पूर्वी ही बातमी सुरतेला यायला पॅसेंजर गाडीएवढा वेळ लागायचा. आता कुरडई हलली की सात वाजता मायच्या मोबाइलवर.

मायचा मुख्य आधार मात्र पंचांग. मृगाचा पाऊस, आर्द्राचा पाऊस, मग पुनर्वसूचा तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा, मघांचा सासवांचा, पूर्वांचा सुनांचा. उत्तरा पडल्या तर भाताला कुत्रंही विचारणार नाही आणि स्वातीत पडला तर मोती पिकतील. पाऊस म्हणजे तिच्या लेखी एक भलं मोठं एकत्र कुटुंब, आणि त्यात कोण कधी रुसणार हे तिला पाठ. प्रत्येक नक्षत्राला पुन्हा वाहन असतं. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाण्याची ददात नाही. मोर, गाढव, उंदीर मध्यम. कोल्हा आणि मेंढा म्हणजे ओढ. घोडा डोंगरावर पाडतो आणि आपल्याला टाळतो.

चिरंजीव कॉम्प्युटर शिकतात. त्यांनी एकदा विचारलं, "आजी, हे वाहन ठरवतं कोण?" मायला वाटलं देव. मी पंचांग बघून सांगितलं की सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवाने भागायचं आणि उरेल त्या बाकीवरून वाहन. नऊ बाक्या, नऊ जनावरं. पोरगं चाटच पडलं. "म्हणजे हा प्रोग्राम आहे!" म्हणाला आणि रात्रीत त्याने दहा ओळींत तो लिहूनही काढला. सकाळी मायला दाखवला. तिने चष्मा लावून पाहिलं. म्हणाली, "म्हैस कुठे दिसते यात?"

या पोराच्या मोबाइलमध्ये हवामानाची तीन ॲप्स आहेत. एक सांगतं पाऊस चाळीस टक्के, दुसरं सांगतं सत्तर, तिसऱ्यावर सूर्य हसत असतो. एकदा तो खिडकीशी उभा राहून म्हणाला, "पप्पा, सात मिनिटांत पाऊस सुरू होईल." त्याच्या पाठीमागे गॅलरीतले कपडे ठिबकत होते. चाळीस टक्के म्हणजे काय, यावर घरात मोठी चर्चा झाली. मायच्या मते माणूस कमरेपर्यंत भिजेल. सूनबाईंच्या मते पाचांपैकी दोन कपडे वाळणार नाहीत. वास्तविक त्याचा अर्थ इतकाच, की अशा हवेचे शंभर दिवस आले तर त्यांतल्या चाळीस दिवशी इथे पाऊस पडावा. मी हे समजावून सांगितलं. माय म्हणाली, "म्हणजे त्यालेबी माहीत नई."

हवामान खात्याची भाषा मात्र तिला लगेच कळली, आणि त्याचं श्रेय नातवाचं. पिवळा इशारा म्हणजे नजर ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कामाला लागा, हे तो तिला सांगत बसला नाही. म्हणाला, "आजी, पिवळा म्हणजे मोर, केशरी म्हणजे म्हैस, लाल म्हणजे हत्ती." त्या दिवसापासून माय मोबाइलवरचा रंग बघून वाहन सांगते. "आज म्हैस शे, छत्री ली जा."

माप मात्र चौघांचं चार तऱ्हेचं. चिरंजीव मिलिमीटरमध्ये बोलतात: चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर झाला की 'जोरदार', २०४.५ च्या पुढे 'अत्यंत जोरदार'. मासी इंचात बोलतात, कारण गुजराती वर्तमानपत्रांत पाऊस इंचानेच पडतो. माय विचारते, ओल कितीक गेली? तिला आभाळातून काय पडलं यात रस नाही, जमिनीत काय मुरलं ते हवंय. वाफसा होईल की नाही एवढंच तिला बघायचं असतं, आणि खाली पेव्हर ब्लॉक आहेत. आणि आमचे शेठ बोलतात फुटांत. शेठचं पुढे येईलच.

हवामानाच्या यंत्रांच्या नावांची एक गंमत पोरानेच दाखवली. हवामानाच्या गणितासाठी २०१८ साली दोन महासंगणक बसवले, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत 'प्रत्यूष' आणि नोएडात 'मिहिर'. २०२४ साली त्यांच्या जोडीला 'अर्का' आणि 'अरुणिका' आले. चारही नावं सूर्यघराण्यातली. आणि मायचं पंचांग तरी काय करतं? सूर्य कुठल्या नक्षत्रात गेला तेच मोजतं. तापीही सूर्याचीच लेक. आषाढ शुद्ध सप्तमीला सुरतकर तिचा वाढदिवस करतात आणि साड्यांच्या या शहरातून नदीला लांबच लांब चुनरी नेसवतात. म्हणजे प्रश्न पावसाचा, पण ज्याला त्याला विचारायचा सूर्यालाच. जो पावसाळाभर गैरहजर असतो त्यालाच पावसाची माहिती विचारायची, ही पद्धत सरकारी कचेरीतही आहे.

खुद्द सुरत्यांचा ठोकताळा या सगळ्यांहून खात्रीचा. मिठाईच्या दुकानांत सरसिया खाजा दिसू लागला की पावसाळा आला. मोहरीच्या तेलातला, मिऱ्याचा ठसका असलेला हा खाजा, त्यावर लिंबू पिळायचं. आभाळ निरभ्र असलं तरी ज्या अर्थी हलवायाने कढई चढवली त्या अर्थी ढग निघालेले असणार, यावर सुरतीचा पूर्ण विश्वास. पहिली सर आली की अर्धं गाव डुमसच्या रस्त्याला लागतं टोमॅटोची भजी खायला. पाऊस हुकला तर भजी खाऊन परत येतं. या अंदाजात नुकसान कुणाचंच नाही.

आता शेठ. रिंग रोडवरच्या साड्यांच्या एका दुकानात मी हिशेब लिहितो. शेठना सुरतेच्या पावसाचं काहीच पडलेलं नाही. त्यांचा पाऊस पडतो बिहारात, विदर्भात, मराठवाड्यात. तिकडे वेळेवर पडला तर पीक, पीक आलं तर लग्नं, लग्नं निघाली तर साड्या. जूनमध्ये गिऱ्हाइकाचा फोन आला की ते आधी विचारतात, "वरसाद केवो छे?" आणि मगच उधारीचं बोलतात. बाहेर रिंग रोडवर गुडघाभर पाणी असो, यवतमाळात पेरणी झाली की शेठ चहा सांगतात.

पण ऑगस्ट आला की हेच शेठ माझ्या टेबलाजवळ येऊन हळूच विचारतात, "तमारा मामा शुं कहे छे?"

माझे मामा भुसावळला असतात. त्यांचा हवामानाशी काही संबंध नाही, ते रेल्वेतून निवृत्त झाले. २००६ सालच्या ऑगस्टमध्ये, राखीच्या तीन-चार दिवस आधी, त्यांचा दुकानाच्या नंबरावर फोन आला. "हतनूर धरणाचे दरवाजे उघडलेत. नदी दोन्ही काठ धरून चाललीय. पाणी तुमच्याकडेच येतंय." मी शेठना सांगितलं. शेठनी दारात जाऊन आभाळाकडे बघितलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला पगारातले दिवस कापल्यासारखं वाटलं. तरीपण जाताना मी हिशेबाचे चोपडे तळघरातून काढून दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवले. मामांचा मान म्हणून, दुसरं काही नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. उकाई धरणातून सोडलेलं पाणी नऊ लाख क्युसेकच्या घरात गेलं. पौर्णिमा तोंडावर, त्यामुळे समुद्राला उधाण. नदी दाराशी आली आणि पुढून दार लोटलेलं. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली होता. शेठच्या अडाजणच्या घरात खालचा मजला गेला, दुकानाचं तळघर गेलं, तळघरातला माल गेला. चोपडे तेवढे कोरडे राहिले. कुणाकडून किती येणं आहे हे कागदावर शाबूत असलेला बाजारात मी एकटाच असेन. तेव्हापासून मामा आमच्या दुकानाचे बिनपगारी वेधशाळाप्रमुख आहेत. दिवाळीला शेठ त्यांना आठवणीने घारी पाठवतात.

त्या पुराआधी टिटवीने काय केलं होतं, होळीची ज्वाळ कुठे झुकली होती, नक्षत्राचं वाहन कुठलं होतं, हे आज कुणालाच आठवत नाही. मायला विचारलं तर ती म्हणते, "तवय मी गावले व्हती." पण खरं सांगायचं तर दोष टिटवीचाही नाही आणि पोराच्या ॲपचाही नाही. दोघंही प्रामाणिकपणे आपल्या डोक्यावरचं आभाळ बघत असतात. सुरत बुडते ती डोक्यावरच्या पावसाने नव्हे. डोक्यावरच्या पावसाने खाड्या भरतात, लिंबायत-पर्वत पाटियाला घरात पाणी येतं, ते वेगळं. तापीचा पूर हा दुसऱ्याच्या गावात पडलेला पाऊस असतो. मध्य प्रदेशात मुलताईला निघालेली ही नदी बऱ्हाणपूर, भुसावळ, प्रकाशा करत ७२४ किलोमीटर चालून आमच्या दाराशी येते. आम्हीही तसेच आलो. उधना-जळगावची रेल्वे बरीचशी तिच्याच खोऱ्यातून धावते. खानदेशातली माणसं लूमवर काम करायला त्या रुळांवरून सुरतेला आली, येताना ठोकताळे गाठोड्यात बांधून आणले, आणि ज्या नदीकाठावरून निघालो ती नदी मागोमाग आलीच. आखाजीला बांधावर उभं राहून मांडलेला अंदाज बांधाच्या मालकासाठी होता. तो आता गच्चीवर उभं राहून मांडायचा आणि वर बरोबर यायला हवा म्हणायचं, हे जरा जास्तच झालं.

म्हणून सुरतकर पावसाळ्यात शेवटी आकड्यांवर येतो. उकाईची पातळी किती फूट? ३४५ ला धरण भरतं. आवक किती, जावक किती? रांदेर-सिंगणपोरचा कॉझवे बंद झाला का? होप पुलावर पाणी किती मीटर? हे आकडे आता सगळ्यांच्या मोबाइलवर येतात आणि पानाच्या टपरीवर त्यांवर क्रिकेटच्या स्कोअरसारखी चर्चा होते. टपरीवाल्यालाही तीनशे पस्तीसच्या पुढे विडा जमत नाही, हात थरथरतो. त्याच मोबाइलवर २००६ चे फोटो 'आत्ताचे' म्हणून फिरत असतात, तेवढं सोडलं तर यंत्रणा उत्तम आहे.

तर आमची टिटवी. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी पिल्लं बाहेर आली. कापसाच्या गोळ्यांना काड्या टोचाव्यात तशी. टिटवीची पिल्लं घरट्यात बसून राहत नाहीत, वाळली की चालू लागतात. दुसऱ्या दिवशी तर आईच्या हाकेसरशी कठड्यावरून खालच्या वाळूच्या ढिगावर त्यांनी उड्या टाकल्या आणि पुढच्या रिकाम्या प्लॉटकडे रांगेने निघून गेली. माय जिन्यात उभी राहून हात जोडत होती. मी कारागिराला फोन लावत होतो. तो म्हणाला, "आता मृग लागलं साहेब. ओल्यात केमिकल धरत नाही. दिवाळीनंतर बघू." तो गावचा पारोळ्याचा, म्हणजे नक्षत्र त्यालाही पाठ.

चारही महिने पाऊस झाला. टिटवी शंभर टक्के खरी ठरली. जिथे तिची अंडी होती, नेमकं त्याच्याच खाली, माझ्या पलंगावर थेंब पडत होता. चिरंजीवांनी तिथे बादली ठेवून रोज सकाळी किती मिलिमीटर जमलं ते लिहून ठेवलं. माय खोलीत येऊन छताकडे बघायची आणि समाधानाने म्हणायची, "ओल चांगली गेली."

तेव्हा बऱ्हाणपूर, रावेर, भुसावळ, चोपडा, शिरपूर, शहाद्याच्या वाचकांना एक विनंती. तुमच्याकडे टिटवीने कुठे अंडी घातली ते कळवू नका, आमच्याकडे पुरेशी आहेत. पण नदी दोन्ही काठ धरून चालली, की सुरतेत तुमचा जो कुणी भाचा, जावई, चुलतभाऊ असेल त्याला एक फोन करा. तो आभाळाकडे बघून हसेल. हसू द्या. पण हिशेबाच्या वह्या वर नेऊन ठेव, एवढं सांगायला विसरू नका.